वास नसलेला गॅस

शटर अर्धं खाली असलं की गिऱ्हाइकाला वाटायचं दुकान बंद आहे. घरच्यांना मात्र कळायचं की आत भांडण चालू आहे. त्या रविवारी सकाळी शटर अर्ध्याच्याही खाली होतं.

"एकशे साठ एसी मशीनं काढायची," थोरला म्हणाला. "चार दिवस. उद्या सकाळी आठला माणसं गच्चीवर पाहिजेत. आणि आमच्या ताईसाहेब म्हणतात दहा दिवस द्या."

"ताईसाहेब म्हणू नको," धाकटी बहीण म्हणाली. "आणि दहा दिवस मी म्हणत नाही, यंत्र म्हणतं. एका मशीनमधला गॅस ओढून बाटलीत भरायला पाऊण तास लागतो. माझ्याकडे यंत्रं दोन. भागाकार तुला येतो."

"मला भागाकार येतो. मला गुणाकारही येतो. ऑफिसवाल्यांच्या चार दिवसांवर एक दिवस गेला, तर पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याच्या दारात. तीन महिने त्या मॅनेजरच्या मागे फिरलो मी. चपला झिजल्या."

"नव्या घे," आक्का म्हणाली. मोठ्या मिस्त्रींची ही थोरली बहीण. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कानाने थोडी कमी आणि तोंडाने थोडी जास्त. दुकान उघडलं तेव्हापासून काउंटरच्या मागची खुर्ची तिची, आणि ती खुर्ची अजून कोणी मागायची हिंमत केली नव्हती.

मोठे मिस्त्री, या दोघांचे वडील, गॅसच्या एका रिकाम्या बाटलीवर बसले होते. वर गोणपाट घातलं की बाटलीचा स्टूल होतो. दुकानात सगळे स्टूल तसलेच. हातात एक जुना व्हॉल्व्ह होता, तो कापडाने पुसत होते. व्हॉल्व्ह केव्हाच स्वच्छ झाला होता.

खरं म्हणजे भांडण शुक्रवारीच लागलं होतं. धाकटी पाच दिवसांचा कोर्स करून आली होती. एसीचं काम ती बारा वर्षं करत होती, हातात कसब होतं, कोर्सची गरज नव्हती. सगळ्यांना वाटलं सर्टिफिकेट आणेल, भिंतीवर लावू. तिने आणली दोन यंत्रं, तीही त्या कोर्सवाल्यांकडून मागून, आणि जेवताना सांगितलं की यापुढे मी गॅस हवेत सोडणार नाही. मी असेन त्या गच्चीवर दुसऱ्या कोणालाही सोडू देणार नाही. थोरला ताटावरून उठला होता.

आता हा गॅस सोडणं म्हणजे काय, तर एसी किंवा फ्रीज गार होतो तो आतल्या गॅसमुळे. मशीन काढायचं किंवा दुरुस्त करायचं तर आधी तो गॅस बाहेर घालवायला लागतो. मोठ्या मिस्त्रींनी तरुणपणी त्याची सोपी रीत बसवली होती. नट दोन आटे सैल करायचा, फुस्स आवाज चालू झाला की चहा प्यायला जायचं. चहा संपेपर्यंत मशीन रिकामं. दुकानात शिकायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं जायचं. आधी फुस, मग चहा. शिकून बाहेर पडलेल्यांनी आपापल्या दुकानात हेच पुढे शिकवलं. गावभर मेकॅनिक लोक या कामाला 'फुस मारणं' म्हणायचे, आणि तो शब्द कोणाच्या तोंडचा ते सगळ्यांना माहीत होतं. मिस्त्रींना त्याचा अभिमान होता. परवापर्यंत तरी होता.

"एक किलो गॅस सोडला ना," धाकटी म्हणाली, "तर गाडी दहा हजार किलोमीटर पळवल्यावर हवेला जेवढा ताप होतो, साधारण तेवढा होतो."

"कोणी मोजलं? गाडीच्या मागे पळत कोण गेलं होतं?"

"दादा, चेष्टा करू नको."

"चेष्टा नाही, विचारतोय. पाच दिवसांत तुला एवढं कळलं, आणि बाबांना पन्नास वर्षांत नाही कळलं?"

हा दगड थोरल्याने नेमका मारला होता. धाकटीने बाबांकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मिस्त्रींना ते दिसलं. पोरगी आपल्याला वाचवतेय, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तेच जास्त लागलं.

"एकेका मशीनमध्ये किती गॅस?" त्यांनी विचारलं. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"दीड किलोच्या आसपास, बाबा. जुन्यांपैकी आहेत."

आक्काने ओठ हलवत हिशेब केला. "म्हणजे मशीनं काढताय की चंद्रावर जाऊन येताय? तेही दोन-तीनदा."

"आत्या, तू तरी तिला चढवू नको," थोरला म्हणाला.

"मी कशाला चढवू? मी गमतीचं बोलते. उकाडा वाढला म्हणून माणसं एसी घेतात. एसी आपण काढतो-घालतो, गॅस सोडतो. गॅसने आणखी उकाडा. मग माणसं आणखी एसी घेतात. असला धंदा दुसरा नाही बाबा. डॉक्टरच रोग वाटत फिरतोय."

थोरल्याची बायको, घरातली सून, आत्तापर्यंत बिलबुकं नीट लावत बसली होती. ऑफिसांचे फोन, कामांच्या तारखा, माणसांच्या पाळ्या, सगळं तिच्याकडे. ती हळूच म्हणाली, "लंबू गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर पडला होता."

लंबू म्हणजे दुकानाचा सगळ्यात जुना कारागीर. सहा फूट माणूस पत्र्यावर आडवा झाला होता, बोलताना जीभ वळत नव्हती. सहा दिवस दवाखान्यात होता. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, अजून अर्धा तास गेला असता तर कठीण होतं.

"उन्हाळे पूर्वीही होते," थोरला म्हणाला. पण आवाज खाली आला होता.

"होते," मिस्त्री म्हणाले. "पण मी चाळीस उन्हाळे भरदुपारी गच्चीवर काढले. मी पडलो नाही, आणि माझ्याबरोबरचं कोणी पडलं नाही. आता दुपारी बाराला माणसं खाली उतरवावी लागतात. हे मला कोर्सने नाही शिकवलं."

थोरला उठला. उभा राहिल्याशिवाय त्याला भांडता येत नसे, लहानपणापासून तसंच.

"ठीक आहे. मान्य. वाईट आहे. पण मला एक सांगा. आपण नाही सोडला तर भंगारवाला सोडणार आहे. मशीनची बाहेरची खोकी त्याच्याकडेच जातात, तो तांब्यासाठी नळ्या कापतो, गॅस जातोच. गावात या धंद्याची पन्नास दुकानं आहेत. पन्नासच्या पन्नास फुस मारतात. आपण एकट्याने सोवळं पाळून आभाळ गार होणार आहे?"

बोलणं बिनतोड होतं.

मिस्त्रींनी व्हॉल्व्ह खाली ठेवला.

"ती पन्नास दुकानं कोणाची?" त्यांनी विचारलं.

"कोणाची म्हणजे? ज्याची त्याची."

"नावं घे."

थोरल्याने घ्यायला सुरुवात केली. पुलाजवळचा. शाळेसमोरचा चष्मेवाला. दोन भाऊ, ते बाजारातले. पाचव्या-सहाव्या नावाला तो थांबला. आक्काने मान हलवत पुढची घेतली, "जाड्या. गाणारा. त्याचा मेव्हणा. तो रडका, पहिल्या आठवड्यात पळून गेला होता आणि त्याच्या आईने परत आणून सोडला तो." प्रत्येक जण या दुकानात शिकला होता. पन्नासातली तीसेक तरी दुकानं इथूनच निघालेली, आणि उरलेली त्या तिसांकडे शिकलेल्यांची.

"तू म्हणतोस सगळेच करतात," मिस्त्री म्हणाले. "सगळ्यांना शिकवलं कोणी?"

ते उठले आणि मागच्या दाराने अंगणात गेले. गुडघे कुरकुरले, ते त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मागच्या अंगणाला कुंपण होतं ते रिकाम्या बाटल्यांचं. गॅस संपला की बाटली परत जात नाही, भंगारात तरी जाते नाहीतर पडून राहते. मिस्त्रींनी चाळीस वर्षांपूर्वी त्या एकावर एक रचून, मध्ये सळ्या घालून भिंत बांधायला घेतली होती. दरवर्षी भिंत वाढायची. हिरव्या, निळ्या, गुलाबी बाटल्या, उन्हाने रंग उडालेल्या. बघायला येणारे म्हणायचे, मिस्त्री, डोकं आहे हां तुम्हाला. लग्नाच्या वेळी थोरल्याचा फोटो याच भिंतीपुढे काढला होता.

मिस्त्री भिंतीपुढे उभे राहिले. या प्रत्येक बाटलीत साडेतेरा किलो गॅस होता. तो मशीनमध्ये गेला. मशीन जुनं झालं, काढलं, फुस. दुरुस्त केलं, फुस. त्यातला एक किलोही कुठे साठवलेला नव्हता. भिंत जेवढी लांब, तेवढं सगळं वर गेलेलं. आपण रिकाम्या बाटल्या जपून ठेवल्या आणि भरलेला माल फेकून दिला, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना हसू आलं नाही.

मागून धाकटी आली. "बाबा, तुम्हाला माहीत नव्हतं."

"नव्हतं. तुझे पणजोबा बर्फाच्या कारखान्यात होते. तिथे अमोनिया असायचा. जरा कुठे गळती झाली की अख्खी गल्ली डोळे पुसत बाहेर यायची. त्यांचा एक डोळा त्यातच गेला. पण म्हणून तो माणूस रोज सकाळी ओलं फडकं घेऊन एकेक सांधा तपासायचा. अमोनिया कोणी मोकळा सोडायचा नाही. मग हा नवा गॅस आला. वास नाही, रंग नाही, पेट घेत नाही, डोळे झोंबत नाहीत. आम्हाला वाटलं, सुटलो. ज्याचा वास येत नाही त्याची माणसाला लाज वाटत नाही बघ." त्यांनी नाक पुसलं. "पण पंधरा वर्षांपूर्वी गॅस कंपनीचा एक माणूस आला होता. पत्रक देऊन गेला. त्यात हेच लिहिलं होतं. मी ते गिऱ्हाइकाला व्हॉल्व्ह गुंडाळून द्यायला वापरलं."

धाकटीने भिंतीतली एक कललेली बाटली सरळ केली.

"तेव्हा माहीत नव्हतं, असं सारखं म्हणू नको," मिस्त्री म्हणाले. "पहिली पस्तीस वर्षं नव्हतं. पुढची पंधरा होतं."

आत आल्यावर ते बसले नाहीत.

"काम घ्यायचं," ते म्हणाले. "फुस नाही मारायची. दहा दिवसही नाहीत लागणार. मशीन चालू असेल तर त्याचाच कॉम्प्रेसर गॅस ओढून बाहेरच्या खोक्यात भरतो. बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गेजवरचा दाबाचा काटा खाली आला की जाड नळीचा, आणि लगेच बटण बंद. दहा मिनिटं. गॅस खोक्यातच कोंडला. खोकी इथे अंगणात आणायची आणि मग हिच्या यंत्राने निवांत महिनाभर काढत बसायचं. जी मशीनं मेलेली आहेत तेवढ्यांनाच गच्चीवर यंत्र लावायचं."

"हे मला का नाही सुचलं?" धाकटी म्हणाली.

"कारण हे मी तुला कधी शिकवलंच नाही. वेळ जातो म्हणून."

थोरला हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "बाबा, मशीनं चालू करायला लाइट लागतो. उद्या सकाळी ऑफिसवाले सगळी लाइन तोडणार आहेत, करारात लिहिलंय. आणि खोकी रोज संध्याकाळी गेटवरूनच उचलायची असं मी भंगारवाल्याला सांगून बसलोय. मी शब्द दिलाय."

"लाइनचं मी बघते," सून म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "मॅनेजरच्या ऑफिसातल्या बाईंचा नंबर आहे माझ्याकडे. मजला रिकामा झाला की त्या मजल्याची लाइन तोडा, असं सांगते. त्यांना काय फरक पडतो?"

"तू पण?" थोरला म्हणाला.

"अहो, मी तुमच्याच बाजूला आहे."

"बाजू अशी असते?"

"तुमच्या पोरीला परवा शाळेतून अकराला घरी पाठवलं. वर्गात बसवत नव्हतं म्हणून. मी तिच्या डोक्यावर ओलं फडकं घालून बसले होते आणि तुम्ही फोनवर म्हणत होतात, यंदा सीझन जोरात आहे." तिने बिलबुक मिटलं. "मी काही बोलले नव्हते. आता बोलले."

थोरल्याने किल्ल्या उचलल्या. "करा मग तुमचं. पण कारागीर माझं ऐकतात. उद्या कारागीर माझ्याबरोबर आले, तर हे दुकान तुम्ही सांभाळा आणि मी माझं वेगळं बघतो. मग म्हणू नका की सांगितलं नाही."

शटर वर करून तो गेला. उजेड आत आला.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," आक्का म्हणाली. मग भावाकडे बघून, "तुझ्यावर गेलाय."

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाले. "उद्या गच्चीवर मी जातो."

"दहा मजले? त्या गुडघ्यांनी?"

"लिफ्ट आहे."

"गच्चीला लिफ्ट जात नाही. शेवटचा जिना असतोच."

"मग तेवढा चढतो."

सोमवारी सकाळी पावणेआठला ते शेवटचा जिना चढले, कठड्याला धरून, दोन पायऱ्यांवर एकदा थांबत. वर लंबू आणि अकरा माणसं तयार होती. गच्चीवर वरच्या मजल्यांची बाहेरची खोकी रांगेने बसवलेली, सगळीकडे काळ्या फोमच्या नळ्या; खालच्या मजल्यांची खोकी ज्याच्या त्याच्या खिडकीबाहेर फळीवर. एवढ्या सकाळीच ऊन टोचायला लागलं होतं. लंबूने एका खोक्याच्या नटाला पाना लावलाच होता.

"थांब," मिस्त्री म्हणाले.

लंबूने पाना काढला नाही, नुसता थांबला. "मिस्त्री, तुम्ही कशाला चढलात?"

"सांगायला. फोनवर सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं म्हातारा चळला." त्यांनी श्वास घेतला. बोलायला त्यांना जड जात होतं, पण ते जिन्यामुळे असेल असं समोरच्यांना वाटलं. "मी तुम्हाला फुस मारायला शिकवलं. ते चुकीचं शिकवलं. हा गॅस वर जाऊन हवा तापवतो. किती तापवतो, तो आकडा मला सांगितला तरी खरा वाटला नाही. मला पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी सांगितलं होतं आणि मी काणाडोळा केला. आजपासून आपल्या दुकानाचा माणूस गॅस सोडणार नाही."

कोणी तरी मागून म्हणालं, "मग चहा कधी प्यायचा?"

हसले सगळे. मिस्त्रीही थोडे हसले. लंबू हसला नाही.

"मिस्त्री, मी तीस वर्षं सोडलाय," तो म्हणाला. "हजारो मशीनं. ते कुठे गेलं?"

"वरच आहे. परत येत नाही."

"आणि मी पडलो ते..."

"एकट्या तुझ्या गॅसने नाही पडलास. पण त्यात तुझाही होता, माझाही होता. माझा जास्त."

लोक गोष्टींत बघतात तसं लंबूने आकाशाकडे पाहिलं नाही. त्याने नटाकडे पाहिलं आणि पाना खिशात घातला. "बरं, दाखवा कसं करायचं ते."

धाकटीने तीन टोळ्या केल्या. खाली मजल्यावर एक माणूस रिमोट घेऊन मशीन चालू करणार, वरचा माणूस व्हॉल्व्ह फिरवणार. लाइन चालू होती. सुनेने रविवारी संध्याकाळी त्या बाईंना तीन फोन केले होते आणि तिसऱ्याला त्या कंटाळून हो म्हणाल्या होत्या.

काम सुरुवातीला चाललं, मग अडलं. गच्चीवरच्या खोक्यांचे व्हॉल्व्ह वीस वर्षांत कोणी फिरवले नव्हते, गंजले होते. तेल सोडून थांबावं लागत होतं. काही मशीनं सुरूच होईनात. धाकटीची यंत्रं त्या मेलेल्यांना लावलेली, पाऊण पाऊण तास घरघरत. ती वजनकाट्यावर बाटली ठेवून आकडा बघत बसली होती, कपाळाचा घाम काट्यावर पडत होता. दुपारी बारा ते अडीच माणसं खाली उतरवली. तीन वाजता मोजले तर बावीस झाले होते. संध्याकाळपर्यंत चाळीस हवे होते.

सव्वातीनला खालच्या मजल्यावरून आवाज आला. फुस्स. लांबलचक.

तो आवाज मिस्त्रींनी आयुष्यात मोजता येणार नाही इतक्या वेळा ऐकला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना तो मधेच थांबावासा वाटला. आणि तो थांबवता येत नाही हेही माहीत होतं. ते जिना उतरले. कठडा धरला की नाही हे नंतर त्यांना आठवलं नाही.

आठव्या मजल्याच्या बाहेरच्या फळीवर भंगारवाल्याची दोन माणसं नळी कापून मोकळी झाली होती. शेजारी थोरला उभा होता, शर्ट पाठीला चिकटलेला.

"यांना तू आणलंस," मिस्त्री म्हणाले.

"मी शब्द दिला होता. गाडी गेटवर उभी आहे. आणि तुमचे बावीस झालेत, बाबा. बावीस. मॅनेजर मला विचारतोय."

"फुस हाही माझा शब्दच होता. चाळीस वर्षं सगळ्यांनी पाळला. बघ काय झालं त्याचं." मिस्त्रींनी कापलेल्या नळीवर बोट ठेवलं. नळी गार होती, तोंडाशी बर्फ जमलं होतं. "यांना खाली पाठव. आणि मॅनेजरला सांग, एक दिवस जास्त लागेल."

"मी नाही सांगणार. मी कधी कोणाला जास्त दिवस मागितला नाही."

"मग माझं नाव सांग. म्हण, बाबांनी चूक केली, ती निस्तरतोय."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तू लंबूला घे, सगळ्यांना घे, वेगळा हो. मी अडवणार नाही. विचार त्यांना."

थोरल्याने वर पाहिलं. लंबू जिन्यात येऊन उभा होता, तेलाने हात काळे. थोरल्याने त्याला काही विचारलं नाही. लंबूच म्हणाला, "दादा, मी इथंच आहे. तू रागावू नको. मला वर काम आहे." आणि परत गेला.

भंगारवाल्याची माणसं एकमेकांकडे बघत होती. शेवटी त्यातला एक म्हणाला, "साहेब, आम्ही चहा पिऊन येऊ का?"

"या," थोरला म्हणाला. "आणि गाडी घेऊन जा. खोकी महिन्याने मिळतील, रिकामी. तुमच्या शेठला मी बोलतो." तो हे कोणाकडेही न बघता म्हणाला.

मिस्त्री तोवर पुढच्या खोक्याशी जाऊन गुडघ्यावर बसले होते. आतलं मशीन चालू होतं, पंखा गरम हवा अंगावर टाकत होता. त्यांनी षटकोनी चावी व्हॉल्व्हमध्ये घातली आणि जोर लावला. व्हॉल्व्ह हलला नाही. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा चावी निसटून फळीवर वाजली.

थोरला पाठीमागून मोबाइलवर बोलत होता. "हो साहेब. पाच दिवस. नाही, माणसं कमी नाहीत. आमच्याच कामाची रीत चुकीची होती, ती बदलतोय. हो, पुढच्या वर्षीचं तुम्ही ठरवा. ते मला कळतं." मग बराच वेळ तो नुसतं ऐकत होता. फोन ठेवला, खिशात घातला.

तो वडिलांशेजारी उकिडवा बसला आणि चावी उचलली. ऑफिसांची कामं धरायला लागल्यापासून दहा वर्षं त्याने हातात हत्यार घेतलं नव्हतं.

"आधी कुठला?" त्याने विचारलं.

"बारीक नळीचा."

त्याने दोन्ही हातांनी जोर लावला. गंज करकरला, व्हॉल्व्ह फिरला. दोघं गेजच्या काट्याकडे बघत बसले. काटा सावकाश खाली यायला लागला. साठ. चाळीस. वीस. मिस्त्रींचा हात त्याच्या दंडाजवळ होता, पण लागलेला नव्हता.

"आता?"

"थांब. घाई करू नको." काटा शून्याला टेकला. "आता. जाड."

थोरल्याने जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि खिडकीतून आत ओरडला की बटण बंद करा. मशीन थांबलं. कुठलाच आवाज आला नाही.

"तेवीस," तो म्हणाला, आणि चावी घेऊन पुढच्या खोक्याकडे सरकला.